रविवारचे तीन प्रश्न

आज बुधवार. दुपारी मी मुगाची खिचडी खाल्ली, अर्धी वाटी उरली. हे मी तुम्हाला का सांगते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. नातवंडांना ठाऊक नाही, म्हणून पुढे सगळं क्रमाने लिहीन.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. आपली लेक सुधा रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघते आणि चहा करायला जाते. मी कामं करते आहे. तुमचे स्वेटर धुतले, वाळवले, घडी घालून ठेवले. उरलेल्या गोळ्या तारखेप्रमाणे लावून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दिल्या. तुमचं डाव्या कानातलं यंत्र डबीत घालून कपाटात ठेवलं, तर ते आत बारीक शिट्टी वाजवत राहिलं. दोन तास मला कळेना आवाज कुठून येतो आहे. मग बॅटरी काढली.

चौथ्या दिवशी टोरांटोहून ईशानचा फोन आला. तिकडे तो टीव्हीवर कुस्त्या बघतो, नटूनथटून येणारे पहलवान आणि खाली पडल्यावर लोक मोठ्याने आकडे मोजतात त्या. तो म्हणाला, "आजी, एक विचारू? आजोबांची कुस्ती खरी होती की खोटी?" मागून त्याची आई त्याला रागावली. मी म्हटलं, रागावू नकोस, प्रश्न बरोबर आहे, मी लिहून पाठवते. ईशान मराठी हळूहळू वाचतो, लीड्सची नात तन्वी जरा लवकर वाचते. म्हणून सोपं लिहिते आहे. पण बोलते आहे तुमच्याशीच. मुलांनी दाराशी उभं राहून ऐकावं.

तुम्ही मला बघायला नागपूरला आलात तेव्हा तुमची मान डावीकडे झुकलेली होती. वडिलांनी विचारलं तर म्हणालात, गाडीत झोप लागली, उशी नव्हती. वडील मिशन शाळेत इंग्रजी शिकवायचे, मीही तिथेच शिकले होते. त्यांना एवढंच दिसलं की मुलगा गोंदियाकडच्या शेतकऱ्याच्या घरचा असला तरी मॅट्रिक आहे, भिलाईच्या नव्या कारखान्यात टाइम ऑफिसला हजेरीचा कारकून आहे, आणि अक्षर चांगलं आहे. मान कुणी पाहिली नाही.

लग्नाला तीन आठवडे झाले असतील. रविवारी संध्याकाळी तुम्ही बाहेरून आलात, सदरा काढलात, आणि मी तुमची छाती पाहिली. पंजाच्या आकाराचे जांभळे डाग, एकावर एक.

"हे काय?"

"बिसाहूचा हात आहे."

"कोण बिसाहू? त्यानं का मारलं?"

"मारलं नाही वं. कुस्ती होती. दोस्त आहे आपला, जुनवानी गावचा."

"मग जिंकलं कोण?"

"मीच. शुक्रवारीच ठरलं होतं."

मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. तेव्हा कारखान्याची एक भट्टी पेटली होती आणि दुसरीचं काम चाललं होतं. मुरुमाचे रस्ते होते, झाडं गुडघ्याएवढी होती, आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेल्या हजारो माणसांना रविवारी जायला जागा नव्हती. दुर्ग रस्त्यालगतच्या मैदानावर एका ठेकेदाराने पत्र्याचं कुंपण घालून फ्रीस्टाइल कुस्त्या सुरू केल्या होत्या. पिंपांवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, चारी बाजूंनी दोर. दोर तुमच्या कारखान्यातल्या खलाशांनी, म्हणजे दोरांनी जड लोखंड वर चढवणाऱ्या कामगारांनी बांधलेले, त्यामुळे ते कधी सैल पडले नाहीत. बिसाहूही खलाशीच होता. तुम्ही दोघं तिथले ठरलेले जोडीदार. पोस्टरवर तुमचं नाव 'घन पहलवान', हिंदीत घन म्हणजे आपला घण, आणि त्याचं 'काला तूफान'. निकाल आधी ठरायचा, आळीपाळीने. मार मात्र खरा.

ईशान, हे तुझं उत्तर. निकाल खोटा, मार खरा. पण हे उत्तर अपुरं आहे, पुढे वाच.

तुमचे दोन मार लोकांना हवे असायचे. एक थाप, आडव्या उघड्या पंजाने छातीवर. दुसरी टक्कर, कपाळावर कपाळ. थापेचं मी एक वेळ चालवून घेतलं असतं. टकरीवरून आपलं जे भांडण सुरू झालं ते साठ वर्षांत संपलं नाही.

मी म्हणायची, ठरलेलीच कुस्ती आहे तर अंतर ठेवून मारा. आवाज पायाने फळी आपटून काढता येईल. इतर पहलवान तेच करतात.

"लोकायले समजते," तुम्ही म्हणायचे. "दिवसभर लोखंडावर घण आयकतेत ते. खोटा आवाज त्यायले दुरून कळते."

"कळू दे. तिकीट काढून आलेत, बसतील."

"बसतीन. पण मंग आमच्याकडे पाहतीन कावून? घरी पाय पसरून बसतीन ना." मग तुम्ही मला चिडवायला म्हणायचे, "तू पोरायले खोटे खोटे पाढे शिकवते का, मास्तरीणबाई?" मी तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरच्या शाळेत तिसरीला शिकवू लागले होते.

"पाढ्यांनी कुणाचं डोकं फुटत नाही."

"तुया वर्गात बसलो असतो तर माहं फुटलं असतं."

शेवटी मी एकच शब्द वापरायची, रानटी. हा रानटी प्रकार आहे. तुम्ही म्हणायचे, एक डाव पाहाले तर ये. मी म्हणायची, या जन्मात नाही.

आता हे तुम्ही कधीच ऐकलेलं नाही. मी आले होते.

शेजारच्या सरकार वहिनींना बघायचं होतं आणि त्यांना सोबत हवी होती, असं मी स्वतःला सांगितलं. बायकांसाठी मागच्या बाजूला दोर लावून जागा केली होती. मी पदर कपाळापर्यंत ओढून बसले. ऊन कलायला आलं होतं. तुम्ही रिंगणात आलात तेव्हा मी तुम्हाला चालीवरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. घरी तुमचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. बिसाहू दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला आणि त्याने छाती पुढे केली. तुम्ही अर्धं पाऊल मागे गेलात. मग आवाज आला.

त्या आवाजाला मी काय म्हणू ते मला अजून सापडलेलं नाही. तो आला आणि सगळं मैदान गप्प झालं, तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी, सगळे एकदम. बिसाहूच्या छातीवर तुमचा हात पांढरा उमटला आणि मग लाल झाला. त्याने तुमचं बोट धरलं आणि हळूच दाबलं. पुढे कळलं की ती तुमची खूण होती, ठीक आहे म्हणून. मार खाणाऱ्याने द्यायची. मग त्याने तुम्हाला मारलं आणि तुम्ही त्याचं बोट दाबलंत. तुमच्या दोघांच्याही तोंडावर राग नव्हता. काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसांची तोंडं होती. आणि मग टक्कर. मी खुर्चीवर उभी होते. कधी चढले ते मला आठवत नाही. सरकार वहिनी माझा पदर ओढून खाली बसवत होत्या.

तुमच्या आधी घरी पोचले, चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. तुम्ही आलात. मी म्हटलं, रानटी प्रकार आहे हा. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग एकही रविवार चुकवला नाही.

मला ते आवडायचं. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत आणि लिहिल्यावर काही वाटलं नाही. घरात, शाळेत, कारखान्यात, सगळीकडे माणसं हातचं राखून वागत होती, मीही. तिथे दोन माणसं एकमेकांवर इतका भरवसा ठेवून उभी असायची की हातचं राखायची गरज नव्हती. मला ते बघायचं असायचं. आणि मला भीतीही वाटायची, तेवढीच. दोन्ही एकाच छातीत कसं मावायचं ते मला सांगता येणार नाही.

भीतीची व्यवस्था मी माझ्या पद्धतीने केली. कारखान्यात कुणाच्या डोक्याला मार लागला की डॉक्टर त्याला साधे प्रश्न विचारतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मी तीन ठरवले. कुस्तीहून आल्यावर, अंगावर पाणी घेण्याआधी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून उत्तरं द्यायची. आज वार कोणता? दुपारी काय जेवलात? समोर कोण होता? एक चुकलं तर पुढचा रविवार घरी. दोन चुकली तर कुस्ती कायमची बंद.

"अन् पास किती मार्काले?"

"तीनपैकी तीन."

"लय कडक शाळा आहे बाप्पा."

पण तुम्ही कबूल केलंत. गावच्या आखाड्यातली मूठभर माती तुम्ही डब्यात जपून ठेवली होती, तिला हात लावून कबूल केलंत. त्या मातीची शपथ तुम्ही मोडणार नाही हे मला माहीत होतं.

दोन वर्षं तुम्ही पास होत राहिलात. रविवार, भेंडी, बिसाहू. रविवार, कढी, कुणीतरी राजनांदगावचा. मी बरोबर म्हणायची आणि गरम पाण्याचा तांब्या पुढे करायची. माझी व्यवस्था चालते आहे याचा मला अभिमान होता.

मग तो रविवार. तुमची आणि बिसाहूची टक्कर झाली, आणि या वेळी बिसाहूने बोट दाबलं नाही. मी मागून पाहत होते. त्याची भुवई फाटली होती, तो गुडघ्यावर बसला. तुमच्या ते लक्षात आलं नाही. तुम्ही दोर धरून नुसते उभे होतात, घंटा झाली तरी. त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मी घरी आले. तुम्ही रोजच्यापेक्षा उशिरा आलात, सायकल हातात धरून, चालत. स्टुलावर बसलात.

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"दुपारी काय जेवलात?"

"वरण-भात."

"समोर कोण होता?"

तुम्ही थोडा विचार केलात. "बाबा," म्हणालात. तुम्हाला आखाड्यात पहिल्यांदा उतरवणारे तुमचे बाबा. आपल्या लग्नाच्या चार वर्षं आधी ते गेले होते.

मग तुम्ही मान वर केलीत आणि वर्गातली मुलं विचारतात तसं विचारलंत, "बरोबर आहे ना?"

पाणी उकळत होतं. मी म्हटलं, "बरोबर."

पुढच्या रविवारचं पोस्टर मी शाळेच्या भिंतीवर पाहिलं होतं. अमृतसरकडून एक मोठा पहलवान येणार होता, तुमच्या दीडपट उंच, आणि घन पहलवानशी त्याची टक्कर होणार होती. सगळ्या सेक्टरांत तेच बोलणं होतं. मला ती कुस्ती बघायची होती. एवढंच कारण आहे. दुसरं काही सापडतं का ते मी पुष्कळदा शोधून पाहिलं.

मुलांसाठी पुढचं थोडक्यात. त्या पहलवानाने ठरल्यापेक्षा जराही जास्त जोर लावला नव्हता. तो भला माणूस होता, नंतर दवाखान्यात येऊन कोपऱ्यात उभा राहून रडला. कुस्ती बरोबरीत सुटायची ठरली होती आणि तीन टकरी द्यायच्या होत्या. दुसऱ्या टकरीला तुम्ही पडलात. बारा महिने टकरी झेलणारं तुमचं डोकं अजून मागच्याच रविवारात अडकलेलं होतं, हे त्या मैदानात फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस बायकांच्या जागेत खुर्चीवर उभा होता. उजव्या कानातून रक्त आलं. त्या कानाने पुन्हा ऐकू आलं नाही. शुद्धीवर आल्यावर मला पाहून तुम्ही विचारलंत, "तुले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, सरकार वहिनींनी.

त्यानंतर तुम्ही कधी रिंगणात उतरला नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, बायकोनं शाळेतून नाव काढलं. पुढची सगळी नोकरी तुम्ही नीट केलीत. सुधाला सायकल शिकवलीत, निवृत्तीनंतर जुनवानीत हे घर बांधलंत, बिसाहूच्या गावात राहायचं म्हणून. डोकं दुखायचं ते तुम्ही सांगायचे नाहीत. तुम्ही दिव्याकडे पाठ करून बसलात की मला कळायचं. सत्तरी ओलांडल्यावर विसरायला लागलात. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग सुधाचं नाव. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, इतक्या जुन्या गोष्टीशी संबंध लावता येणार नाही. त्यांना लावता येणार नाही. मला येतो.

गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी मी तुम्हाला तेच तीन प्रश्न विचारत होते. तुम्हाला ते आवडायचे, तोंडावर जरा उजेड यायचा. तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी बरोबर म्हणायची. शेजाऱ्यांना वाटायचं, किती धीराने करते. मला त्याची सवय होती. पहिल्यांदा म्हणतानाच काय ते जड गेलं होतं.

इथपर्यंतचं सगळं मला माहीत होतं. आता मला माहीत नसलेलं.

तिसऱ्या दिवशी बिसाहू आला. काठी टेकत, भुवईवरची ती खूण तशीच. तुमच्या फोटोसमोर बसून राहिला. मी पाणी दिलं.

"भौजी," तो म्हणाला, "अब तो पहलवान नहीं है, बता देता हूँ. वो तुम्हारे सवाल का जवाब मैं रटाता था."

मला कळलं नाही.

"साइकिल पे. दोपहर को आते ही मैं पूछ लेता, पहलवान, आज क्या खाया? शाम को मैं चलाता, वो पीछे बैठता. रास्ता भर मैं बोलता, इतवार, भाटा, फलाना. इतवार, भाटा, फलाना. वो पीछे-पीछे बोलता. कभी-कभी तो नाके तक सब उल्टा बोलता था. घर के मोड़ पे उतार देता मैं." मुलांनो, भाटा म्हणजे वांगी.

"तुम्ही शपथ मोडलीत," मी तुमच्या फोटोकडे बघून म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"कसम तो जवाब देने की थी, भौजी. रटने की मना थोड़े थी."

तुम्ही शोधून काढली असेल ही पळवाट. नक्की तुम्हीच.

म्हणजे दोन वर्षं माझी व्यवस्था चाललेलीच नव्हती. तुम्ही किती रविवार नापास होतात ते मला आता कधी कळणार नाही. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते. या घरात मी एकटीच खोटं बोलले नव्हते. तुम्ही कॉपी केली, मी मार्क वाढवले. शाळेत दोघांचीही नावं फळ्यावर लागली असती. आणि कदाचित मी खरं सांगितलं असतं तरी तुम्ही कुस्तीला गेलाच असतात.

मग बिसाहू हसला. त्याला चार दात उरलेत. म्हणाला, "बस वो एक इतवार मैं नहीं था ना, अस्पताल में पड़ा था. दूसरे दिन सबेरे पहलवान आया मेरे पास. क्या खुश था. बोला, बिसाहू, काल मी एकटा पास झालो रे. कुछ रटा नहीं, तब भी मास्टरनी बोली सब सही. बोला, मतलब डोकं ठीक आहे आपलं. अब उस अमृतसर वाले से डर नहीं."

एवढं बोलून तो पाणी प्यायला.

म्हणजे तुम्हाला भीती वाटत होती. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. आपण नापास होतो आहोत हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्या एका रविवारी तुम्ही, घोकवणारा नसताना, काही न घोकता, खरं काय ते कळावं म्हणून, माझ्यासमोर येऊन बसला होतात. आणि विचारलं होतंत, बरोबर आहे ना?

बिसाहूला मी काही सांगितलं नाही. त्याला चहा दिला, फाटकापर्यंत सोडलं. जाताना त्याने माझं बोट धरून हळूच दाबलं. ती मार खाणाऱ्याने द्यायची खूण. मी उलट दाबलं की नाही ते आठवत नाही.

ईशान, तन्वी, तुमच्या आजोबांचा मार खरा होता आणि खोटी होती ती तुमची आजी. तिकडे कुस्ती बघा, मी नको म्हणणार नाही. मला आवडायची तशी तुम्हालाही आवडेल. फक्त पडलेला माणूस उठल्यावर त्याच्या डोळ्यांकडे बघा, आणि तेव्हा तुम्हाला काय हवंसं वाटतं आहे तेही बघा.

आणि तुम्ही. मी शिक्षिका होते, तपासलेली वही परत न करता ठेवून घेणं मला शोभत नाही. उशीर झाला आहे. तुमची तिन्ही उत्तरं चुकली होती. वार रविवार होता. दुपारी तुम्ही वांग्याची भाजी आणि पोळी खाल्ली होती, तिसरी पोळी मागून घेतली होती. समोर बिसाहू होता.